मामांनी थंडा घेतला नाही

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला, टायरचं दुकान आणि खताचं दुकान यांच्या मधल्या फटीत, भुजंग मोटारी भरतो. बोअरमधली पाणबुडी मोटार जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार ओढून काढायची आणि नवी तार त्याच खाचांमधून, तितक्याच वेढ्यांनी परत घालायची, याला मोटार भरणं म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस एका लोखंडी नळीशी दिवसभर शिवणकाम करतो आहे. पण शिवणकामात टाका चुकला तर फार तर कपडा उसवतो. इथं एक वेढा कमी पडला तर तीनशे फूट खाली, अंधारात, पाण्यात बुडालेली मोटार जळते, आणि वर उभा असलेला माणूस भुजंगाच्या आईचं नाव घेतो.

म्हणून भुजंग काम करताना बोलत नाही. वेढे मोजतो. ओठ हलतात, आवाज येत नाही. चोवीस वर्षं झाली. हाताखाली माणूस त्यानं ठेवला नाही, कारण दुसरा माणूस म्हणजे दुसरी मोजणी. तारेचं एक टोक हातात, दुसरं उजव्या पायाच्या अंगठ्यात. अंगठ्यानं ताण द्यायचा, हातानं ओढायचं. विहिरीच्या काठाला दोरानं पडते तशी खाच त्या अंगठ्याला पडली होती.

आता जो बोलतच नाही त्याला आपलं काम सांगायचं कसं? उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, रोज कुठल्या तरी शिवारातली मोटार जळते. माणूस ती गाडीवर आडवी बांधून आणतो, समोर उभा राहतो, घाम पुसतो. भुजंग मान वर करत नाही. फार पूर्वी कुणीतरी कंटाळून समोरच्या राधेश्यामच्या टपरीवरून थंड्याची बाटली आणली आणि त्याच्या मांडीजवळ ठेवली. भुजंगानं मोजता मोजता ती उचलली, प्याला, ढेकर दिला आणि पुढचा आकडा मोजला. त्या माणसानं ते उत्तर मानलं. तेव्हापासून तीच रीत पडली. बाटली ठेवायची. तो प्याला म्हणजे काम घेतलं. ढेकर आला तर मोटार उद्या मिळणार. नाही आला तर परवा.

या रीतीनं भुजंग दिवसाला सात-आठ बाटल्या प्यायचा. काळा थंडा, नारिंगी थंडा, पिवळा, पांढरा. रंगाबद्दल त्याचा आग्रह नव्हता. तहान ही त्याची स्वतःची गोष्ट उरली नव्हती. दुसऱ्यांच्या घाईनं त्याला तहान लागायची.

फाल्गुनातल्या एका दुपारी त्याची बायको दैवशाला डबा घेऊन दुकानात आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अहो, पायाला काय झालं?"

भुजंगानं चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस मोजलं आणि मग खाली पाहिलं. तार अंगठ्यात रुतली होती. चांगली करंगळीच्या नखाएवढी. खालचं पोतं लाल झालं होतं. दुखलं नव्हतं. तो घाबरला ते जखम पाहून नाही, दुखलं नाही म्हणून.

अंबडला डॉक्टर संध्याताईंनी त्याच्या अंगठ्याला टाचणी टोचली.

"कळतंय का?"

"काय?"

"टाचणी."

"कुठंय टाचणी?"

डॉक्टरांनी रक्ताचा कागद दैवशालेपुढे धरला, कारण भुजंग अजून टाचणी शोधत होता. साखर किती ते सांगितलं. मग विचारलं, "दिवसाला थंडा किती पिता?"

"लोक पाजतील तितका."

"आजपासून बंद. एक थेंबसुद्धा नाही. चाळीस दिवस गोळ्या, ड्रेसिंग आणि या पायाला तार लावायची नाही. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर एक्केचाळिसाव्या दिवशी या, अंगठा काढावा लागेल."

"अंगठा काढल्यावर तार कशात धरायची?"

"दातात," दैवशाला म्हणाली.

*

पहिले आठ दिवस भुजंगाचं डोकं ठणकत होतं. तार तो डाव्या पायाच्या अंगठ्यात धरायला शिकत होता. डाव्या अंगठ्याला काही येत नव्हतं, उशिरा शाळेत घातलेल्या माणसासारखा तो प्रत्येक वेढ्याला अडायचा. दैवशाला जिऱ्याचं पाणी भरून द्यायची. ते पिताना भुजंगाला समजलं की आपल्याला गोडाची आठवण येतच नाही. आठवण येते ती झाकण फिरवताना बाटली जो श्वास सोडते त्याची. दिवसातून आठ वेळा कुणीतरी त्याच्यासमोर सुस्कारा टाकायचं. आता कुणी टाकत नव्हतं.

खरी अडचण गिऱ्हाइकांची झाली. माणूस येई, बाटली ठेवी, उभा राही. भुजंग मोजत राही. बाटलीच्या अंगावर आधी दव येई, मग ओघळ, मग ती कोरडी होई. माणूस तेवढा वेळ थांबे आणि मोटार परत गाडीला बांधून चालू लागे. गावात बोलणं सुरू झालं की भुजंगानं कामं घेणं सोडलं.

बाराव्या दिवशी त्याचे दाजी आले. कल्याणराव, थोरल्या बहिणीचे, झुंबरबाईंचे यजमान. घरच्या बोअरची मोटार घेऊन आले, काळा थंडा मांडीजवळ ठेवला. भुजंग एका खाचेत अडकला होता, सत्तावीस की अठ्ठावीस अशी शंका होती. दाजी पंधरा मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी मोटार उचलली आणि गेले. भुजंगानं पन्नास पुरे करून मान वर केली तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती.

"सांगायचं तर खरं तोंडानं," दैवशाला म्हणाली.

"मोजून राह्यलो होतो."

"बहिणीचा नवरा हाय तो. तिथं एक वेढा कमी मोजला असता तर काय झालं असतं?"

"मोटार जळाली असती."

शेवटी तिनंच तोड काढली. बाटली ठेवली की भुजंगानं तिच्या झाकणावर तळहात ठेवायचा. म्हणजे काम घेतलं. लोकांना ते पटायला आठवडा गेला, पण पटलं. गिऱ्हाईक गेलं की दुकानात बसलेली दैवशाला न उघडलेली बाटली राधेश्यामला परत नेऊन द्यायची. राधेश्याम ती फ्रिजच्या पुढच्या बाजूला ठेवायचा. भुजंगाकडे जाणारा माणूस आला की तीच बाटली त्याला द्यायचा. दिवसातून पाच-सहा वेळा ती रस्ता ओलांडायची. तिच्या कागदाचे कोपरे झिजले. एका बाजूला भुजंगाच्या बोटाचं वार्निश लागलं. हायवेवरून नागपूर, सोलापूर, कुठकुठले ट्रक जायचे, आणि ही बाटली आयुष्यभर वीस पावलं अलीकडे, वीस पावलं पलीकडे.

तिसाव्या दिवशी भुजंगाला झाकणावर हात ठेवताना घाम फुटेनासा झाला. पस्तिसाव्या दिवशी जखमेच्या कडा आत सरकल्यासारख्या दिसल्या. चाळिसाला पाच उरले.

अडतिसाव्या दिवशी, रविवारी, भाचीची सुपारी होती.

*

राजनंदिनी ही झुंबरबाईंची एकुलती एक लेक. मंठ्याच्या पुंजारामांचा मुलगा बघून गेला होता, पसंती झाली होती, आता चार माणसांत सुपारी फोडायची म्हणजे सोयरीक पक्की. वडीगोद्रीतच, मारुतीच्या मागच्या आळीत कल्याणरावांच्या दारात मांडव पडला. मंठ्याहून दोन जीपा भरून पाहुणे आले. सुपारी आणि अडकित्ता पाटावर मांडून एक म्हातारे गृहस्थ पुढं बसले. आपल्याकडे मामा खुश असल्याशिवाय सुपारी फुटत नाही. त्यामुळे भुजंगाला पहिल्या रांगेत, पंख्याच्या वाऱ्यात बसवलं होतं. त्यानं नवा सदरा घातला होता. उजव्या पायात चप्पल, चपलेत पट्टी.

राजनंदिनीचा चुलतभाऊ पप्पू ट्रे घेऊन आला.

"मामा, थंडा."

"नको."

"नारिंगी देऊ?"

"नको रे बाबा."

"पांढरा हाय आत."

"पप्पू, मला बंद हाय. डॉक्टरनं मना केलंय."

पप्पूचा हात थांबला. त्याच्या मागं पुढचा ग्लास घ्यायला हात लांब केलेला माणूसही तसाच थांबला.

भुजंगाला आपण काय बोललो ते त्याच क्षणी कळलं, पण शब्द गेला होता. रुसलेला माणूस आपण रुसलो असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, पोट बरं नाही. म्हणतो, आज उपास आहे. धावड्याच्या एका लग्नात नवरीच्या चुलत्यानं दाढ दुखते म्हणून सांगितलं होतं आणि वरात तीन तास वेशीत उभी राहिली होती. शेवटी कळलं की पत्रिकेत त्याचं नाव बारीक अक्षरांत छापलं होतं. तेव्हापासून या भागात दाढ, पोट, डॉक्टर, काहीही ऐकलं की लोक पत्रिका काढून बघतात.

मांडवात बातमी ग्लासांच्याही आधी पोचली. मामांनी थंडा घेतला नाही. तिसऱ्या रांगेत ती, मामा उठून चालले होते, अशी झाली. मंठ्याच्या पाहुण्यांपाशी पोचेपर्यंत मामाला सोयरीकच पसंत नव्हती.

झुंबरबाई पदर सावरत आल्या.

"भुजंगा, काय चुकलं रे आमचं?"

"अक्का, काही चुकलं न्हाई. साखर हाय मला."

"साखर तर सगळ्यांलाच हाय. मला हाय, तुह्या दाजीला हाय. आम्ही पेऊन राह्यलो ना?"

"वन्स, खरंच हाय," दैवशाला बायकांतून उठून म्हणाली. "अंगठा काढायची पाळी आली व्हती."

"तू बस गं. तू त्याच्याच बाजूनं बोलणार."

पप्पू ट्रे ठेवून मोठी बाटली घेऊन आला. मग बर्फाची. मग स्टीलच्या ग्लासात ओतून कल्याणराव स्वतः आले. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी पुढं केला. "घ्या भुजंगराव. घोटभर. माह्या हातानं."

ग्लासात बुडबुडे वर येत होते, एकामागून एक, कुणाला तरी उशीर होत असल्यासारखे. भुजंगानं ते नीट पाहिले. अडतीस दिवसांनी त्याच्या जिभेला पाणी सुटलं. एक घोट. मांडव सुटेल, बहीण सुटेल, भाचीची सुपारी फुटेल. एका घोटानं अंगठा थोडाच जातो? पण डॉक्टर थेंब म्हणाल्या होत्या, घोट नव्हे. आणि आयुष्य आकड्यांवर काढलेल्या माणसाला एक म्हणजे किती ते माहीत असतं. एका वेढ्यानं मोटार जळते.

"दाजी, बघा, तुम्हीच बघा," असं म्हणून त्यानं चप्पल काढली, पाय पुढं केला आणि पट्टी सोडायला लागला.

पाय नेमका पुंजारामांच्या दिशेनं झाला.

पुंजाराम उभे राहिले. उंच माणूस, फेट्यात आणखी उंच. "पाव्हणे, मंठ्याहून आम्हाला पाय दाखवायला बोलावलं व्हतं का?"

"न्हाई हो, पट्टी दाखवून राह्यलो..."

"चप्पल काढून?"

मांडवात कुणीतरी "अरं अरं अरं" म्हणालं. भुजंगानं पाय मागं घेतला, पण पाय एकदा पुढं केला की मागं घेतलेला कुणाला दिसत नाही.

*

मग रुसवा काढायचं ठरलं. त्याचीही एक पद्धत आहे. रुसलेल्याला काय झालं ते विचारायचं नसतं. ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं आपणहून येऊन कबूल करायचं. कोणता तरी नेम बरोबर बसतो आणि माणूस विरघळतो.

पहिला पप्पू आला. गुडघ्यावर बसला. "मामा, तुम्ही भरलेल्या मोटारी जळतात असं मी अंबडला बोललो व्हतो. हॉटेलात. दोन माणसं व्हती. त्यातला एक तर झोपला व्हता."

भुजंगाला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बरं."

त्या "बरं"चा अर्थ पुरेसं नाही असा घेतला गेला.

टपरीवाला राधेश्याम आमंत्रण नसताना पाणीपुरीच्या वासानं आल्यासारखा मागं उभा होता. तो पुढं आला. "भुजंगराव, ती बाटली एकच व्हती. महिनाभर एकच. मीच फिरवून राह्यलो होतो."

"मला म्हाईतंय."

"म्हाईत हाय म्हणूनच रुसले," मागून कुणीतरी समजून घेतल्यासारखं म्हणालं.

कल्याणरावांच्या हातातला ग्लास आता कोमट झाला होता. ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही माही बाटली प्याला न्हाईत, मला राग आला. मी मोटार अंबडला भरून आणली. दुसऱ्याकडून. तुमच्या बहिणीचा नवरा असून. आज पहाटं जळाली ती. म्हणून तर घरात घोटभर पाणी न्हाई आणि मांडवात नुसता थंडा हाय."

मग झुंबरबाई रडायला लागल्या. आईचे चांदीचे वाळे चोरीला गेले असं सगळे समजत होते, ते त्यांच्याकडे होते. ट्रंकेत, साड्यांच्या खाली. आईनं मला दिले नव्हते, मीच घेतले, असं त्या म्हणाल्या. भुजंगानं आईच्या मागं त्या वाळ्यांसाठी एका भाडेकऱ्याला घर सोडायला लावलं होतं. तो माणूस जाताना रडला होता. भुजंगाला त्याचं तोंड आठवेना, फक्त त्याच्या डोक्यावरची गादी आठवली.

भुजंग खुर्चीत बसून होता. बाटलीला नको म्हटलं आणि भोवतीचं गाव सुटत चाललं होतं, जुन्या मोटारीतून तार ओढावी तसं. काळी, कडक, जागोजाग जळालेली. त्याला कुणाबद्दलच राग नव्हता. पण आता येऊ लागला होता आणि तो कुठं ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं.

पुंजाराम अजून उभेच होते. त्यांनी फेटा काढला, हातात घेतला आणि आवाज खाली आणला.

"म्हणजे मामांना समजलेलं दिसतंय. ठीक हाय. पोराची बियाणं कंपनीतली नोकरी पक्की न्हाई. ठेक्यावर हाय. आम्ही पक्की सांगितली व्हती."

नवरदेव मान खाली घालून स्वतःचे बूट बघत होता. झुंबरबाईंचं रडणं मधेच थांबलं. सोयरीक आता खरोखर मोडणार होती, आणि ती मोडणार होती भुजंगाच्या अंगठ्यामुळे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून राजनंदिनी बाहेर आली. नऊवारीत तिला चालता येत नव्हतं, तिनं निऱ्या मुठीत धरल्या होत्या.

"मला म्हाईतंय," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं पहिल्या दिवशी. फोनवर. मला चालतंय."

पुंजारामांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं बूट बघणं सोडलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

राजनंदिनी मामापाशी आली आणि वाकून हळू म्हणाली, "मामा, तुम्ही रुसला न्हाईत, मला कळतंय. लहानपणी दुकानात बसून तुमचे ओठ बघत व्हते मी. तुम्ही खोटं बोलायला लागले की मोजणं थांबतं. आता बी तुम्ही मोजूनच राह्यलात."

"अडतीस," भुजंग म्हणाला.

"पण तुम्ही काहीतरी मागा. मागितल्याबिगर हे लोक सोडणार न्हाईत. जल्दी मागा. मला या साडीत उभं राहवत न्हाई."

भुजंगानं डोळे मिटले. माणसाकडे एक तरी तक्रार असायला हवी. पन्नाशी उलटली, इतकी वर्षं लोकांत काढली, आणि शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही, ही गोष्ट त्याला त्या क्षणी फार लाजिरवाणी वाटली. तो आत खोल गेला. बोअरसारखं अरुंद, काळं होतं. तीनशे फुटांवर काहीतरी ओलं लागलं.

त्यानं डोळे उघडले.

"मी सकाळी नऊला आलो," तो मोठ्यानं म्हणाला. "मला कुणी पाणी विचारलं न्हाई."

मग मांडव सुटकेनं उसळला.

"बराबर हाय!"

"बिलकुल बराबर हाय! आधी पाणी विचारायचं असतं!"

"आम्हाला बी कुणी विचारलं न्हाई," पुंजाराम म्हणाले. त्यांनाही आता रुसायला जागा मिळाली होती, पण आधी एक रुसवा मिटू द्यावा म्हणून ते बसले.

फेटे, टोप्या, सदरे पाण्याच्या शोधात निघाले. थंड्याची खोकी भिंतीला छातीइतकी रचलेली होती. पाणी कुठंच नव्हतं. मोटार जळालेली, जारवाल्याचा फोन लागत नव्हता, टाकीत तळाला शेवाळ. शेवटी पप्पू समोरच्या गल्लीतल्या गिरिजाबाईंच्या रांजणातून तांब्या भरून आला. पळत येताना अर्धा सांडला. उरलेला तांब्या कल्याणरावांनी घेतला, झुंबरबाईंना दिला, झुंबरबाईंनी भावाच्या हातात दिला.

भुजंग पाणी प्याला. माठाच्या मातीची चव होती त्याला, आणि दुसरं काही नाही. बुडबुडा नाही, सुस्कारा नाही. तांब्या त्यानं उपडा करून दाखवला.

म्हातारे गृहस्थ अडकित्ता उघडून तयार होते. पण ते थांबले. सगळेच थांबले. मंठ्याचे पाहुणे सोडले तर ते सगळे वडीगोद्रीचे होते, निम्म्यांच्या मोटारी भुजंगानं भरलेल्या होत्या, आणि त्यांना ती रीत ठाऊक होती. ते ढेकराची वाट बघत होते.

भुजंगानं प्रयत्न केला. मान मागं नेली, छाती फुगवली, हवा गिळली. पाण्याला ढेकर येत नाही. एक मिनिट गेलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी अडकित्ता दुसऱ्या हातात घेतला. राजनंदिनीनं दुसऱ्या मुठीतही निऱ्या घेतल्या.

आणि मांडवाच्या मधोमध एक लांब, खोल, गोडसर ढेकर आला.

पुंजारामांनी हात तोंडावर नेला. या सगळ्या गोंधळात त्यांनी चार ग्लास थंडा पिऊन टाकला होता.

कोणाचा ढेकर असावा असा काही नियम ठरलेला नव्हता. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "झालं," आणि सुपारी फुटली.

*

बुधवारी डॉक्टर संध्याताईंनी पट्टी सोडली, चष्मा वर केला, कागद पाहिला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

"पट्टी?"

"अंगठा. जखम भरत आलीय. तार लावायची नाही आणखी महिनाभर. थंडा कायमचा नाही."

परत येताना जीपमध्ये दैवशाला खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "सगळ्यांनी सांगितलं. मी राह्यलेच."

"काय?"

"ती बाटली. दुसऱ्याच दिवशी मी पेऊन टाकली व्हती. लई ऊन व्हतं. मग रिकामी परत कशी द्यायची, म्हणून काळा चहा भरला. बिनसाखरेचा."

भुजंगानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"दर तिसऱ्या दिवशी बदलते मी. वास येतो न्हाई तर."

जीप खड्ड्यातून गेली. भुजंगानं त्या महिन्याची आठवण काढली: झाकणावर ठेवलेला तळहात, कपाळावरचा घाम, दातांखाली दाबलेली जीभ. ते सगळं चहासमोर केलं होतं. पण सोडलं ते तर सोडलंच होतं. चहासमोर सोडलेला थंडा कमी सुटतो का, याचा त्यानं वडीगोद्रीपर्यंत विचार केला. उतरताना त्यानं तिला विचारलं, "गार व्हता का?"

"लई."

*

आता त्याच्या दुकानात रीत बदलली आहे. ती कुणी ठरवली नाही. रविवारच्या मांडवातून ती गावभर गेली आणि गावाबाहेरही. भुजंग थंडा घेत नाही म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे, आणि ते आपल्याविषयीच असणार, असं प्रत्येकाला वाटतं. मोटार घेऊन आलेला माणूस आधी आपली एखादी चूक कबूल करतो, मग नंबर लागतो. त्या बाटलीला राधेश्यामनं भुजंगाच्या दुकानाच्या फळीवर कायमची जागा करून दिली आहे. कुणीतरी तिच्या झाकणाला कुंकू लावलं. दैवशाला अजून दर तिसऱ्या दिवशी चहा बदलते. कुंकू पुसू नये म्हणून झाकण कडेनं फिरवते.

भुजंग मोजत असतो. समोर माणसं बोलत असतात. बांध सरकवलेला. भावाच्या बैलाला मुद्दाम मारलेलं. मेलेल्या बापाला शेवटचे आठ दिवस भेटायला न गेलेलं. तो मान वर करत नाही. सत्तावीस, अठ्ठावीस. त्यांना ते बरं वाटतं.

परवा एक माणूस आला होता, जांबेकडचा. तार पुन्हा उजव्या पायात धरायचा तो भुजंगाचा पहिलाच दिवस. माणूस पोत्यावर बसला, बाटलीला हात लावून नमस्कार केला आणि शेजाऱ्याच्या उभ्या उसाबद्दल सांगायला लागला. काडी त्यानंच टाकली होती. कुणाला कळलं नव्हतं. तो सांगत होता, भुजंग ओढत होता. चाळीस. एक्केचाळीस. अंगठ्यावर ताण आला. बेचाळीस.

आणि अंगठ्यात काहीतरी झालं. बारीक, एखादी लाल मुंगी चावावी तसं. मग जोरात.

"आई गं!" भुजंग ओरडला.

काम करता करता त्याच्या तोंडून शब्द निघाला तो चोवीस वर्षांत पहिला. मोजणी गेली. त्यानं तार सोडून अंगठा दोन्ही हातांत धरला. दुखत होतं. खरोखर दुखत होतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि हसू.

समोरच्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं हात जोडले.

"तुम्हाला इतकं लागलं ना," तो म्हणाला, "मंग मी आजच जाऊन त्याला सांगतो."

तो उठला आणि मोटार तिथंच टाकून चालत निघाला. भुजंगानं डोळे पुसले, अंगठ्यात तार धरली आणि एकपासून सुरुवात केली.